घरातली छोटी रेल्वे: आधी रूळ, मग डोंगर

गाडी जोरात पळवली की खराब रूळही खपून जातात. वेगाच्या भरात इंजिन मळकट जागा ओलांडतं, वाकड्या जोडावरून उसळी मारून पार होतं आणि बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. खरी परीक्षा हळू चालवताना होते. इंजिन मुंगीच्या पावलांनी निघालं, पॉइंटवरून, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यावरून, न थबकता पलीकडे गेलं आणि उभ्या असलेल्या वाघिणीला, म्हणजे मालडब्याला, हलकेच टेकून थांबलं, की माझ्या लेखी ती घरातली रेल्वे झाली. डोंगर, बोगदे, दिवे लागलेलं स्टेशन हे सगळं मलाही फार आवडतं. पण ते सगळं रुळांच्या आधाराने उभं राहतं, म्हणून या लेखात रुळांना जास्त जागा दिली आहे.

शिस्त एकच पाळायची: टप्प्याटप्प्याने बांधायचं आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गाडी चालती असली पाहिजे. फार मोठा आराखडा मनात धरून सुरुवात केली की मांडणी प्लायवुडच्याच अवस्थेत अडकून पडते. लहान लूप (गोल फिरून येणारा रूळ), त्याला एक साइडिंग (डबे उभे करायचा बाजूचा रूळ), एक इंजिन आणि चारपाच डबे एवढ्यावर सुरुवात करा.

स्केल आणि वळण यांचा विचार एकत्र करा

स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पट लहान ते प्रमाण. नवख्या माणसाची निवड बहुतेक वेळा दोन स्केलमध्ये असते. एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. ब्रिटिश गाड्यांची आवड असेल तर ओओ भेटेल. त्याचे रूळ एचओच्याच मापाचे, पण गाड्या १:७६ च्या. १:१२० चं टीटी एचओ आणि एन यांच्या मधलं. मेर्कलिन या जर्मन कंपनीने १९७२ साली आणलेलं झेड १:२२० चं असतं आणि त्याचे रूळ फक्त ६.५ मिमी अंतरावर असतात. ते फार देखणं आहे, पण बोटांना सराव होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

निवड करताना लोक इंजिनांची चित्रं बघतात. त्याऐवजी आधी वळण बघा. २३ मीटर लांबीचा प्रवासी डबा एचओमध्ये सुमारे २६ सेंमी भरतो, एनमध्ये १४ सेंमी. भरवशाने चालण्यासाठी वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट हवी, असा एक जुना आडाखा आहे. म्हणजे एचओमध्ये तो डबा चालवायचा तर त्रिज्या ७८ सेंमी, आणि पूर्ण लूपसाठी दीड मीटरहून जास्त रुंदी लागणार. तेच १४-१५ सेंमीच्या छोट्या मालडब्यांवर समाधान मानलं तर ४५ सेंमीची त्रिज्या पुरते. स्टार्टर सेटमधली वळणं साधारण याच मापाची असतात. अशा लूपचा व्यास ९० सेंमीच्या आसपास होतो, म्हणून आठ बाय चार फुटांच्या प्लायवुडवर तो आरामात बसतो.

जागा टेबलाएवढीच असेल तर एन घ्या. स्वतः डबे उघडून दुरुस्त करायचे, रंगवायचे, सोल्डरिंग शिकायचं असेल आणि जागा थोडी जास्त असेल तर एचओ हाताला सोयीचं पडतं. दोन्ही अर्धं अर्धं घेऊन बघू नका. त्यांचे रूळ, डबे, इमारती यांतलं काहीच एकमेकांना चालत नाही.

कागदावरचा आराखडा

खऱ्या मापाचा आराखडा काढा. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून टेबलाएवढा कागद करा आणि त्यावर रूळ मांडून बघा. पॉइंट विकत घेण्याआधी एकाची झेरॉक्स काढून तिच्या चार प्रती कागदावर सरकवत बसलात, तर आराखड्यातल्या निम्म्या चुका तिथेच उघड्या पडतात. पॉइंट मनात धरतो त्यापेक्षा नेहमी जास्त लांबी खातो.

तीन गोष्टी तपासा. पहिली, एका बाजूच्या वळणातून थेट दुसऱ्या बाजूच्या वळणात जाऊ नका. मध्ये सर्वांत लांब डब्याएवढा तरी सरळ तुकडा ठेवा, नाहीतर कपलिंग, म्हणजे डबे जोडणारी कडी, डब्याला बाजूला ओढतं आणि चाक रुळाबाहेर येतं. दुसरी, हात ७५ सेंमीपलीकडे नीट पोचत नाही. त्याहून लांब रूळ असेल तर दुसऱ्या बाजूने जायला वाट हवी, कारण गाडी घसरते ती नेमकी लांबच्या कोपऱ्यात.

तिसरी गोष्ट चढाची. एका रुळावरून दुसरा नेणारा पूल सगळ्यांनाच हवा असतो. एचओमध्ये खालच्या गाडीसाठी सुमारे ७५ मिमी उंची मोकळी सोडावी लागते. वरच्या पुलाची जाडी त्यात धरलेली नाही. २ टक्के चढाने, म्हणजे दर मीटरला २ सेंमी चढत, ७५ मिमी गाठायला पावणेचार मीटर रूळ लागतात. उतरायला पुन्हा तेवढेच. लहान लूपची सगळी लांबीच मुळात चारपाच मीटर असते. चढ ४ टक्क्यांचा केला तर अंतर निम्मं होतं, पण इंजिन ओढणार तेही निम्म्याहून कमी डबे. पहिली मांडणी सपाट ठेवा. डोंगर रुळांच्या बाजूला उभा करता येतो आणि दरी रुळांच्या पातळीखाली कोरता येते.

पाट

रूळ ज्यावर बसतात त्या पाटाला १२ मिमी प्लायवुड, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट आणि साधारण ४० सेंमीवर एक आडवी पट्टी एवढं पुरे. एनसाठी पोकळ दरवाजाचा पल्लाही छान चालतो. तो हलका असतो आणि सहसा वाकत नाही. वरून २५ मिमी जाडीचा कडक फोम चिकटवला तर पुढे ओढे आणि खड्डे कोरता येतात. लाकूड कापून झालं की त्याला सगळ्या बाजूंनी रंगाचा हात द्या, खालूनसुद्धा. तापमान २० अंशांनी वाढलं तरी मीटरभर रूळ जेमतेम ०.३ मिमी वाढतो. दमट हवेत न रंगवलेलं लाकूड त्याहून जास्त हलू शकतं. रूळ वाकडे झाले की लोक उन्हाळ्याला दोष देतात, पण पुष्कळदा हललेलं असतं लाकूड.

पाटाची उंची छातीच्या जरा खाली ठेवली तर गाडी बाजूने दिसते आणि खरी वाटते. कडेपासून रूळ निदान ५ सेंमी आत घ्या. रूळ त्याहून कडेला येत असेल तर तिथे पारदर्शक पट्टी लावा. छातीच्या उंचीवरून फरशीवर पडलेलं इंजिन क्वचितच पूर्वीसारखं चालतं.

रूळ घालणं

जर्मन सिल्व्हरचे रूळ घ्या. नावात सिल्व्हर असलं तरी तो तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे. पितळेचे रूळ लवकर काळवंडतात आणि सारखे घासावे लागतात. पोलादाचे गंजतात. रुळाची उंची 'कोड'मध्ये सांगतात: इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले १०० म्हणजे कोड १००, २.५४ मिमी. कोड ८३ किंवा ७५ जास्त खरे दिसतात, कोड १०० हाताळायला दणकट. पहिल्या मांडणीला दोन्ही चालतील, पण एकाच मांडणीत मिसळू नका.

खडीचा पाया मुळातच जोडलेले, खटकन बसणारे रूळ मिळतात, उदाहरणार्थ काटो कंपनीचे युनिट्रॅक. काहीही चिकटवण्याआधी असे रूळ टेबलावर मांडून आठवडाभर खेळण्याला मी खूप महत्त्व देतो. कुठली साइडिंग खरंच वापरली जाते आणि कुठली नुसती शोभेला, हे तेव्हा कळतं. पुढे लवचीक रुळांकडे गेलात तर पाटावर आधी कॉर्कची पट्टी घ्या, एचओला ५ मिमी आणि एनला ३ मिमी. तिने आवाज दबतो आणि रुळाला खऱ्यासारखा उठाव येतो.

आता जोड. दोन रुळांच्या टोकांवर सरकणारा पत्र्याचा तो छोटा जॉइनर सगळ्या रेल्वेची नाडी आहे. माझ्या एका मांडणीत एकच वाघीण एकाच जागी घसरायची. मी तिची चाकं बदलली, कपलिंग तपासलं, वजन वाढवलं, दोन आठवडे तिच्याच मागे होतो. शेवटी दिवे मालवले, डोळा रुळांच्या पातळीवर आणला आणि पलीकडून टॉर्च धरला. एका जोडावर प्रकाशाची रेघ तुटलेली दिसली. रूळ जॉइनरच्या खोबणीत शिरलाच नव्हता, त्याच्या पाठीवर चढून बसला होता. पत्र्याच्या जाडीएवढीच ती पायरी. बाकीचे डबे जड होते, ते ती दाबून जात. हलकी वाघीण तिथे उचलली जायची.

तेव्हापासून प्रत्येक जोडाची तपासणी मी नखाने करतो. डोळे मिटून रुळाच्या माथ्यावरून आणि मग आतल्या कडेवरून नख हळू फिरवा. अडकलं तर जोड उघडून पुन्हा बसवा. नखाला पुसट कळणारी धार बारीक कानशीने काढा. कापलेल्या रुळाचं टोक, विशेषतः खालची बाजू, जॉइनर घालण्याआधी कानशीने साफ करा. जॉइनर चुकीचा बसण्याचं सर्वांत मोठं कारण ती राहिलेली कच असते.

वळणावर लवचीक रुळाचा जोड आला की तिथे कोन पडतो. यावर उपाय असा की दोन तुकडे सरळ असतानाच जोडायचे, जोड सोल्डर करायचा आणि मग एकत्र वाकवायचे. सरळ भागातले काही जोड मात्र सोल्डर न करता, कागदाएवढी फट ठेवून मोकळे सोडा. रूळ पक्का करायला सुरुवातीला खिळ्यांपेक्षा टाचण्या बऱ्या, आणि त्यानंतर पातळ गोंद. खिळा जरा जास्त ठोकला की स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी पट्टी, मध्ये दबतो आणि दोन रूळ एकमेकांकडे झुकतात.

वीज

साध्या डीसी पद्धतीत कंट्रोलर रुळांना शून्यापासून साधारण १२ व्होल्टपर्यंत दाब देतो. दाब वाढला की वेग वाढतो, धन-ऋण उलटवलं की दिशा बदलते. जॉइनर वीज पुढे नेतात, पण वर्षभरात ते सैल होतात, मळतात आणि लूपच्या पलीकडच्या बाजूला इंजिन मंदावतं. म्हणून पाटाखालून जाड तारेची एक जोडी फिरवा आणि दर मीटर-दीड मीटरवर तिच्यातून बारीक तारा वर काढून रुळांना सोल्डर करा. बाहेरच्या रुळाला लाल, आतल्याला काळी, असा एक नियम धरा आणि तो कधीही मोडू नका. पाटाखाली पडून काम करताना रंगच वाट दाखवतात.

सोल्डर करताना रूळ आणि तार दोन्हींवर आधी वेगवेगळा पातळ थर चढवा, मग दोन्ही टेकवून दोन सेकंद सोल्डरिंग आयर्न लावा. ३०-४० वॉटचं आयर्न आणि रोझीन फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) वापरा. आम्लाचा फ्लक्स नको, तो नंतर तार खात राहतो. प्लॅस्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळावर ओल्या कापसाचे बोळे ठेवा. खिडकी उघडी असू द्या. कंट्रोलरचा घरच्या विजेला जोडलेला भाग तयारच घ्यायचा आणि तो कधी उघडायचा नाही.

एक सापळा आधीच सांगून ठेवतो. रूळ वळून पुन्हा स्वतःलाच मिळाला आणि गाडी आली त्याच वाटेने उलट तोंड करून परत जाऊ शकली, तर डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. आराखड्यावर लाल पेन्सिलने एकच रूळ गिरवत जा. लाल रेघ दुसऱ्या रुळाला भेटली तर तिथे प्लॅस्टिकचे जॉइनर आणि वेगळी वायरिंग लागेल. पहिल्या मांडणीत असा लूप टाळलेलाच बरा.

पॉइंट सुरुवातीला हाताने फिरवा. मोटर बसवायची झाल्यास कॉइलच्या मोटरला क्षणभरच वीज लागते. बटण दाबून धरलं तर कॉइल जळते.

डीसीसी, म्हणजे अंकी नियंत्रण, याबद्दल सगळेच विचारतात. त्यात रुळांवर पूर्ण दाब सतत असतो आणि त्याच्याबरोबर अंकी संदेश जातात. प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या पत्त्यावरचा संदेश तेवढा ऐकतो. नवीन डिकोडरचा पत्ता सहसा ३ असतो. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची असतील तर डीसीसीला तोड नाही. एकच इंजिन असेल तर घाई करू नका. पाटाखालची जाड तार आज नीट टाकली असेल तर उद्या डीसी कंट्रोलर काढून तिथे डीसीसी जोडता येतो. दोन्ही एकाच वेळी रुळांना जोडायचे मात्र कधीच नाहीत.

महिनाभर नुसती चालवा

या टप्प्यावर सगळ्यांचे हात खडी आणि गवताकडे धावतात. थांबा. खडी पडल्यावर रूळ दुरुस्त करणं दसपट कष्टाचं होतं. महिनाभर उघड्या रुळांवर गाडी चालवा. पुढे, मागे, आणि सर्वांत कठीण म्हणजे पूर्ण गाडी मागे ढकलत पॉइंटवरून. ओढताना लपणारे दोष ढकलताना बाहेर येतात.

जवळ एक वही ठेवा. गाडी घसरली की त्या जागी टाचणीला लावलेला कागदाचा छोटा झेंडा रोवा आणि वहीत लिहा: कुठला डबा, कुठल्या दिशेने, पुढचं चाक की मागचं. एकाच जागी वेगवेगळे डबे घसरले तर दोष रुळात. एकच डबा वेगवेगळ्या जागी घसरला तर दोष डब्यात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

डबा हलका असेल तर वजन घाला. अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेचा एचओसाठीचा आडाखा सोपा आहे: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. सहा इंची डबा म्हणजे साधारण ११२ ग्रॅम. वजन तळाशी आणि मध्यभागी चिकटवा.

इंजिन अडखळू लागलं तर पहिला संशय मळाचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला कापडाचा तुकडा रुळांवर आडवा टाका. इंजिनाची एक बोगी, म्हणजे एका टोकाच्या चाकांचा संच, कापडावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरा आणि वीज द्या. चाकं जागच्या जागी फिरतात आणि कापडावर दोन काळे पट्टे उमटतात. मग इंजिन उलटं वळवून दुसरी बोगी. सँडपेपरने रूळ घासू नका, त्याचे चरे नंतर मळ धरून ठेवतात.

खडी, माती, झाडं

झेंडे उगवायचे थांबले की सजावटीला हात घाला. आधी रुळांच्या बाजू गंजकट तपकिरी रंगवा आणि माथा लगेच पुसा. एवढ्या एका कामाने मांडणी जितकी बदलते तितकी महागड्या इमारतीनेही बदलत नाही.

मग खडी. स्लीपरच्या मध्ये ती मऊ ब्रशने पसरा. स्लीपरच्या माथ्यावर आणि रुळांच्या आतल्या बाजूला एकही कण नको. आधी अल्कोहोल किंवा साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारून खडी भिजवा. मग पांढरा गोंद आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब, हे मिश्रण ड्रॉपरने सोडा. नीट भिजलेली खडी थेंब पटकन पिते. कोरडी राहिली असेल तर थेंब तिच्यावर गोळी होऊन बसतो आणि कण इकडेतिकडे पळतात. तसं दिसलं की ड्रॉपर खाली ठेवून पुन्हा फवारा मारा. पॉइंटच्या सरकत्या पात्यांपाशी अगदी थोडी खडी घाला आणि गोंद जवळजवळ नकोच. दिवसभर हात लावू नका.

बाहेरची माती किंवा वाळू वापरायची तर वाळवा, बारीक चाळणीने चाळा आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. पुष्कळ मातीत लोहाचे कण असतात. चुंबकाला काळी लव चिकटली तर ती माती रुळांजवळ नको, कारण इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक तेच कण ओढून घेतं. डोंगरासाठी वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या आणि वर मातीच्या रंगाचा हात. झाडं वाळक्या काटक्यांची फार सुंदर होतात. मागच्या भिंतीवर आकाश क्षितिजाकडे फिकट होत जाणारं रंगवा.

वाढवत नेणं

लूप चांगला चालू लागला की काही दिवसांनी त्याचा कंटाळा येतो. तेव्हा दुसरा लूप घेऊ नका, शंटिंगची, म्हणजे डबे पुढेमागे हलवून गाडी जुळवण्याची, जागा करा. ब्रिटनमधल्या ॲलन राइट यांची 'इंगलनूक साइडिंग्ज' ही रचना त्यासाठी अप्रतिम आहे. तिला दोनच पॉइंट लागतात. तीन साइडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात आणि उरलेल्या दोघींत तीन-तीन. पुढच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी बसतात. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या करून पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जुळवायची. असे ६,७२० क्रम होतात. एचओमध्ये छोट्या वाघिणींना दीड मीटर लांबीची अरुंद फळी साधारण पुरते, आणि ती पुढे मोठ्या मांडणीला जोडता येते. हळू चालणाऱ्या इंजिनाचं खरं सुख इथे मिळतं.

बदल करताना आधी घातलेला रूळ वाया जाईल अशी भीती बाळगू नका. पांढऱ्या गोंदाने बसवलेली खडी पाण्याने सुटते. त्या भागाची वीज बंद करा, कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून रूळ नीट भिजवा आणि पंधरावीस मिनिटं थांबा. मग पातळ पट्टी स्लीपरखाली सपाट सरकवत पुढे न्या. ओढू नका, पट्टीलाच काम करू द्या. रूळ अख्खा सुटून हातात येतो. खडी चमच्याने गोळा करा, धुऊन वाळवा आणि बरणीत भरून ठेवा. नव्या साइडिंगला तीच घाला, म्हणजे जुन्या आणि नव्या भागाचा रंग जुळेल.